उंदराने हातपाय गाळले?

मुलुंडच्या एका वाचक ताई एका आरोग्य-अंकासाठी मेंदूविकारांवरचा लेख मराठीत आणताहेत. ‘माउस मॉडेल ऑफ डिप्रेशन’साठी, म्हणजे माणसाचं नैराश्य अभ्यासायला प्रयोगशाळेत वापरतात त्या उंदरासाठी, त्यांनी ‘नैराश्यग्रस्त उंदीर’ लिहिलं. पुढे एका चाचणीत पाण्यात सोडलेला उंदीर हालचाल थांबवतो, तिथे संपादकांनी ‘उंदराने हातपाय गाळले’ अशी दुरुस्ती केली. त्यांचा प्रश्न: दोन्ही चालेल का?

ताई, माझ्या मते दोन्ही नको. दुसरं नाकारताना मात्र जिवावर येतंय, कारण शब्दप्रयोग फार सुरेख आहे.

आधी ‘ग्रस्त’. मूळ धातू ग्रस्, म्हणजे गिळणे. आपला ‘घास’ त्याच घरातला. पूरग्रस्त म्हटलं की पूर येऊन गेला, यात शंका उरत नाही. तसं ‘नैराश्यग्रस्त उंदीर’ म्हणताच आजाराचं निदान होऊन बसतं. माणसाचं निदान करताना डॉक्टर त्याला विचारतात, झोप कशी आहे, मन कशात लागतं का. उंदराला कोण विचारणार? त्याचं फक्त वागणं दिसतं. शिवाय ‘नैराश्य’ काय, ‘हताश’ काय, दोन्ही शब्दांच्या पोटात ‘आशा’ आहे. ती उंदराला होती हे आधी ठरवायला हवं!

आता पोहण्याची चाचणी. ती 1977 साली रोजर पोर्सोल्ट आणि सहकाऱ्यांनी मांडली. काचेच्या उभ्या नळकांड्यात पाणी, बाहेर पडायला वाट नाही. उंदीर आधी जोरात हातपाय मारतो, मग थांबतो आणि नाक पाण्यावर राहील इतपतच हलतो. बहुधा सहा मिनिटांची चाचणी घेतात आणि शेवटच्या चार मिनिटांत तो किती वेळ निश्चल होता ते मोजतात. नैराश्यावरची औषधं दिली की हा वेळ घटतो. पोर्सोल्ट यांनी या निश्चलतेला हताशेचं वर्तन मानलं. पण माणसात तीच औषधं लागू पडायला काही आठवडे जातात, इथे मात्र काही तासांत फरक दिसतो. बऱ्याच संशोधकांचं म्हणणं असं की वाट नाही हे कळल्यावर उंदीर फक्त शक्ती वाचवतो.

म्हणजे भांडण नेमकं ‘हातपाय गाळणे’ याच शब्दांवर आहे. मराठीत हातपाय गळतात तेव्हा धीरही गळतो, शरीर आणि मन एका क्रियापदात बांधलेलं. संपादकांनी नकळत पोर्सोल्ट यांच्या बाजूने निकाल देऊन टाकला. दादरच्या तलावावर पोहायला शिकलेल्या कुणालाही विचारा, मास्तर ओरडतात ते “अंग सोड, तरंग!” असं. अंग सोडणारा हताश नसतो, शहाणा असतो. म्हणून इथे कोरडा ‘निश्चल राहिला’ किंवा ‘नुसता तरंगत राहिला’ बरा. ‘हातपाय मारले’ खुशाल ठेवा, त्यात मनाबद्दल दावा नाही.

(भीतीच्या चाचणीत उंदीर जागच्या जागी स्तब्ध होतो, त्याला काहीजण ‘गोठणे’ लिहितात. मला फ्रीजरची आठवण येते. ‘थिजणे’ लिहा.)

‘मॉडेल’चं काय? कोशातलं ‘प्रतिमान’ बरोबर आहे, पण चहा पिताना कुणी म्हणत नाही. ‘प्रारूप’ मसुद्यासाठी राहू द्या. ‘नमुना’ घेतलात तर वाचक हसेल, “काय नमुना आहे!” हे आपण कुणाला म्हणतो ते ठाऊकच आहे. मी सरळ ‘नैराश्याच्या अभ्यासासाठीचं उंदीर-मॉडेल’ लिहीन आणि वर्तनाला ‘नैराश्यसदृश’. ‘सदृश’ जड वाटला तर ‘नैराश्यासारखं’, पण हे शेपूट कापू नका.

आणखी एक. माउस आणि रॅट दोघांनाही मराठीत उंदीरच म्हणतात, आणि पोर्सोल्ट यांनी दोघांनाही पाण्यात सोडलं होतं. लेखात रॅट आला तर ‘मोठा उंदीर’ म्हणा, किंवा सरळ ‘रॅट’. ‘घूस’ मात्र नको. आपल्या गटारातली घूस ही वेगळ्याच जातीची बाई आहे.