मोल म्हणजे रेणू नव्हे

प्रश्न असा आहे : "'एक मोल पाणी म्हणजे 18 ग्रॅम' आणि 'पाण्याच्या रेणूचं वस्तुमान 18 ग्रॅम' ही वाक्यं एकच ना? आणि हा मोल 'अनमोल'मधलाच का?"

दुसऱ्या शंकेचं उत्तर : नाही. 'अनमोल', 'कवडीमोल' यांतलं मोल संस्कृत 'मूल्य'वरून आलं. रसायनातला मोल जर्मनहून आला. संबंध शून्य.

पहिल्या शंकेतलं दुसरं वाक्य साफ चूक आहे आणि ते शिकवणाऱ्यांच्याही तोंडून सर्रास ऐकू येतं, याचा मला मनस्वी राग येतो. पाण्याच्या एका रेणूचं वस्तुमान 18 डाल्टन (डाल्टन म्हणजे अणू-रेणूंचं वस्तुमान सांगायचं चिमुकलं एकक). ग्रॅममध्ये लिहायचं तर दशांश चिन्हानंतर 22 शून्यं देऊन मग 3 लिहावा लागेल. 18 ग्रॅम भरतात ते 6.022 × 10²³ रेणू मिळून, आणि तेवढ्या रेणूंचा मिळून एक मोल.

आता मुद्द्याचं. 'मोल' हा मॉलिक्यूलचा, म्हणजे रेणूच्या इंग्रजी नावाचा, संक्षेप, एवढं सांगून बरेच कोश थांबतात. उलट काही पाठ्यपुस्तकं ठासून सांगतात की रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्डने तो थेट लॅटिन 'मोलेस'वरून घेतला. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. 'मोलेस' म्हणजे ढीग, अवजड वस्तुमान. त्याला लघुत्वाचा प्रत्यय लागून 'मोलेकुला' झालं, म्हणजे चिमुकला ढीग, आपण डब्याची डबी करतो तसं. त्यातून फ्रेंच 'मोलेक्यूल', जर्मन 'मोलेक्यूल'. ऑस्टवाल्डने 1890 च्या दशकात त्याचं 'मोल' केलं, तेव्हा शेपूट छाटताना नेमका तो लघुत्वाचाच प्रत्यय गळाला! चिमुकलेपण गेलं, ढीग उरला. संक्षेप करता करता शब्द आपल्या मूळ अर्थाला परत गेला. बंदराच्या धक्क्याला इंग्रजीत मोल म्हणतात तोही याच 'मोलेस'चा, आणि 'डिमॉलिश'ही त्याच घरातला.

माझं तर ठाम मत आहे की हा योगायोग नाही. ऑस्टवाल्ड त्या काळात अणूंचं अस्तित्वच मानत नव्हता. 1909 च्या सुमारास त्याने ते मान्य केलं. तेव्हा त्याच्या लेखी मोल म्हणजे रेणूंची मोजदाद असणं शक्यच नव्हतं. तो ग्रॅममध्ये तोललेला ढीगच होता. मोजदाद नंतर आली. एका मोलमधल्या कणांच्या संख्येला 'ॲव्होगॅड्रोचा स्थिरांक' हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ पेरॅंने 1909 मध्ये दिलं. 1971 मध्ये मोल एसआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीतलं, एकक झाला, तोही 12 ग्रॅम कार्बन-12 (कार्बनचा एक प्रकार) यात जितके अणू तितके कण, या आधाराने. 2019 मध्ये तो आधारही काढून घेतला : आता मोल म्हणजे नेमके 6.02214076 × 10²³ कण, बस. म्हणून मराठीत याला 'रास' म्हणावं असं मी म्हणतो. 'ग्रॅमरेणू' या जुन्या शब्दाने तर घोटाळाच वाढवला. त्यात ग्रॅम आहे, रेणू आहे, ढीग मात्र कुठेच नाही.

हा ढीग डोळ्यांपुढे नसला की गणित कसं फसतं ते बघा. 2H₂ + O₂ → 2H₂O. चार ग्रॅम हायड्रोजनला ऑक्सिजन किती? मुलं 2:1 बघतात आणि दोन ग्रॅम लिहून मोकळी होतात. अहो, ते सहगुणक (सूत्रांआधीचे आकडे) राशींचे आहेत, ग्रॅमचे नाहीत! चार ग्रॅम हायड्रोजन म्हणजे दोन राशी, त्यांना ऑक्सिजनची एक रास लागते, म्हणजे 32 ग्रॅम. पाणी 36 ग्रॅम. ग्रॅमचे मोल करा, सहगुणक लावा, पुन्हा ग्रॅम करा. मधली पायरी गाळली की उत्तर गेलं.

'एक मोल ऑक्सिजन' असं मोघम बोलणंही टाळा. अणूंचा मोल 16 ग्रॅम, रेणूंचा 32. त्यातून हिंदीत शिकणाऱ्यांची वेगळीच पंचाईत : आपला अणू तो त्यांचा 'परमाणु' आणि आपला रेणू तो त्यांचा 'अणु'. हिंदी व्हिडिओ बघून मराठीत उत्तर लिहिणाऱ्याने 'एक मोल अणू' लिहिलं, तर उत्तर थेट निम्म्यावर येतं.

हो, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसऱ्यात ग्रॅम खोडून डाल्टन लिहा.