संगणकाची तक्रारपेटी : दुसरा मॉनिटर

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. विंडोज काढून लिनक्स मिंट टाकलं, काम छान चाललंय. आता घरातला जुना १९ इंची रुंद मॉनिटर दुसरा म्हणून जोडलाय. त्याला फक्त व्हीजीए आहे, म्हणून एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आणला. पण त्या पडद्यावर १०२४ × ७६८ च्या वर काही निवडताच येत नाही, अक्षरं पसरट आणि धुरकट दिसतात. दुकानदार म्हणतो, लिनक्सला या मॉनिटरचा ड्रायव्हर नाही. परत विंडोज टाकू का? — वाचक, मिरज

उत्तर : अजिबात नको. मॉनिटरला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, ड्रायव्हर असतो तो ग्राफिक्स कार्डाचा. मॉनिटर आपली कुंडली स्वतःच्या चिपमध्ये घेऊन फिरतो. तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ कुंडली अवघी १२८ बाइटची. कंपनी, मॉडेल, पडद्याची लांबी-रुंदी, कोणती रिझोल्यूशन झेपतील, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ही माहिती पोचलीच नाही, तर लिनक्स जोखीम न घेता बहुतेक कुठल्याही मॉनिटरला झेपेल असं १०२४ × ७६८ देतो. ते ४:३ चं चित्र तुमच्या रुंद पडद्यावर ताणलं जातं, म्हणून अक्षरं पसरतात. डीटीपीला हे परवडणारं नाही. प्रूफ वाचताना रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून जातात.

तेव्हा माहिती कुठे अडकली ते शोधायचं. डिस्प्ले सेटिंगमध्ये त्या मॉनिटरचं नाव बघा. कंपनीच्या नावाऐवजी ‘अननोन’ असं काही दिसलं, तर निम्मं निदान झालं. खात्री करायची असेल तर ‘सिस’ फोल्डरातल्या ‘क्लास’मध्ये ‘डीआरएम’ आहे, तिथे प्रत्येक जोडणीचं एकेक फोल्डर आणि त्यात ‘ईडीआयडी’ नावाची फाइल असते. तिचा आकार टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएस’ने पाहू नका, तो नेहमी शून्यच दाखवतो. फाइल वाचणाऱ्या ‘कॅट’चं आउटपुट बाइट मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी -सी’ला द्या. १२८ किंवा २५६ आलं तर कुंडली मिळतेय, शून्य आलं तर वाटेत हरवतेय.

आता व्हीजीएची वायर काढून हातात घ्या. पाच-पाच पिनांच्या तीन रांगा दिसतील. कुंडली वाहून आणतात त्या १२ आणि १५ नंबरच्या पिना, दोन्ही अरुंद बाजूच्या रांगेत. मधल्या रांगेतली ९ नंबरची नसली तर घाबरू नका, ती बऱ्याच वायरींत नसते. १२ किंवा १५ गायब असेल तर वायर बदला. स्वस्त वायरींत पिन दिसते पण आत तारच जोडलेली नसते, त्यामुळे ओळखीच्या कुणाची चालू वायर लावून पाहणं उत्तम. वायर ठीक निघाली तर संशय कन्व्हर्टरवर. काही कन्व्हर्टर ही माहिती पुढे जाऊच देत नाहीत.

नवा कन्व्हर्टर येईपर्यंत काम अडवू नका, रिझोल्यूशन हाताने सांगता येतं. १९ इंची रुंद मॉनिटरचं बहुधा १४४० × ९०० असतं, तरी पुस्तिकेत बघून घ्या. टर्मिनलमध्ये ‘सीव्हीटी १४४० ९०० ६०’ द्या. १०६.५० पासून सुरू होणाऱ्या आकड्यांची एक ओळ येईल. तिच्यातला ‘मोडलाइन’ शब्द सोडून बाकी सगळी ओळ ‘एक्सरँडआर --न्यूमोड’च्या पुढे चिकटवा. मग ‘एक्सरँडआर --ॲडमोड’, त्यापुढे जोडणीचं नाव आणि नव्या मोडचं नाव. जोडणीचं नाव नुसतं ‘एक्सरँडआर’ दिलं की दिसतं. एवढं झालं की नवं रिझोल्यूशन डिस्प्ले सेटिंगच्या यादीत येईल. मॉनिटरला ते झेपलं नाही तर ‘आउट ऑफ रेंज’ म्हणून पडदा काळा होईल. एकदा रीस्टार्ट केलंत की आपण भरलेला मोड पुसला जातो.

पण मग रोज सकाळी हेच करायचं का? नाही. या दोन ओळी होम फोल्डरातल्या ‘.एक्सप्रोफाइल’ फाइलमध्ये टाका, लॉगिन करताना आपोआप चालतील. फक्त हे सगळं एक्सऑर्गचं, म्हणजे पडद्यावर चित्र मांडणाऱ्या लिनक्सच्या जुन्या यंत्रणेचं आहे. वेलँड ही तिची जागा घेणारी नवी यंत्रणा. लॉगिनला तुम्ही मुद्दाम वेलँड निवडलं नसेल तर तुमचं मिंट एक्सऑर्गवरच आहे.

आणि दुकानदाराला विचारा, हाच कन्व्हर्टर विंडोजवर लावल्यावर मॉनिटरचं नाव दिसतं का. माझी पैज, नाही दिसणार.

प्रश्न : उबंटूच्या लॅपटॉपला एचडीएमआयने फोर-के मॉनिटर जोडला. त्यावर अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि माउस ओढत नेल्यासारखा चालतो. महागातली वायर घेऊ का? — वाचक, अकोला

उत्तर : वायर घ्यायच्या आधी सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं, ते बघा. ३० हर्ट्झ असेल तर माउसचं कारण तेच. एचडीएमआय १.४ चा पोर्ट फोर-के चित्र ३० च्या वर देऊ शकत नाही. ६० साठी २.० लागतं, आणि ते लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्हीकडे. पोर्ट जुना असेल तर सोन्याची वायर लावूनही फरक पडायचा नाही. लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट किंवा चित्र देणारा टाइप-सी पोर्ट आहे का ते शोधा. नसेलच तर २५६० × १४४० वर ६० हर्ट्झ मिळतं का बघा. मी असते तर तेच ठेवलं असतं. डोळ्यांना थोडा कमी रेखीवपणा चालतो, ओढणारा माउस नाही.

अक्षरांचं दुखणं वेगळं. २५.१० च्या आधीच्या उबंटूत लॉगिनच्या वेळी नावावर क्लिक केल्यावर कोपऱ्यात गिअरचं चिन्ह येतं, तिथे वेलँड निवडा; त्यापुढच्या उबंटूत वेलँडच असतं. एक्सऑर्ग सगळ्या पडद्यांना मिळून एकच प्रमाण मानतं, वेलँडमध्ये लॅपटॉपला १०० टक्के आणि मोठ्या पडद्याला २०० टक्के असं वेगवेगळं ठेवता येतं.

प्रश्न : ऑफिसने यूएसबीचा डॉक (एकाच वायरने लॅपटॉपला कीबोर्ड, माउस, मॉनिटर जोडणारा डबा) दिलाय. त्याचा कीबोर्ड-माउस चालतो, मॉनिटर मात्र दिसतच नाही. — वाचक, ठाणे

उत्तर : डॉकवर ‘डिस्प्लेलिंक’ लिहिलंय का बघा. असेल तर इथे खरोखरच ड्रायव्हर लागतो. अशा डॉकला लॅपटॉप चित्र कॉम्प्रेस करून साध्या यूएसबीतून पाठवतो, आणि लिनक्सवर त्यासाठी डिस्प्लेलिंकचं सॉफ्टवेअर व ‘ईव्हीडीआय’ नावाचं कर्नल मोड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात बसणारा जोड-भाग, घालावं लागतं. घातल्यावरही पडदा काळाच राहिला तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट चालू आहे का तपासा. सही नसलेलं मोड्यूल ते आत येऊ देत नाही. मोड्यूल घालताना पासवर्ड मागितला असेल, तोच पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर परत द्यायचा असतो. घाईत एंटर दाबून लोक तो पडदा घालवतात. पण लॅपटॉप ऑफिसचा असेल तर यातलं काहीही करण्याआधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा.