वाचक विचारतात : जाड, चिंचोळं, तिरपं अक्षर

प्रश्न : कबड्डी स्पर्धेच्या फ्लेक्ससाठी ‘तेको’ फाँटाचा बोल्ड (जाड) प्रकार घेतला, कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये तिरपा केला आणि ओळ बसेना म्हणून आडवा दाबला. छापून आल्यावर अक्षरं वेडीवाकडी दिसतात. (अमळनेर)

उत्तर : मुख्य बिघाड दाबण्यामुळे झाला. तेको मुळातच चिंचोळा आहे. रुंदी ७० टक्के केली की १० मिमीचा उभा दंड ७ मिमीचा होतो, शिरोरेषेची जाडी मात्र तेवढीच राहते. मग डोकं जड आणि पाय काटकुळे. जागा कमी असेल तर पूर्ण अक्षर प्रमाणात लहान करा, किंवा ‘अनेक देवनागरी’ हा फाँट वापरा. त्यात रुंदी ७५ ते १२५ आणि जाडी १०० ते ८०० यांमधली हवी ती निवडता येते, आणि रेषांचं प्रमाण आराखड्यातच सांभाळलेलं असतं.

आता तिरपेपणा. तेकोला स्वतंत्र इटॅलिक (मुळात तिरपं काढलेलं रूप) नाही; सॉफ्टवेअर उभं अक्षर नुसतं कलवतं. शिरोरेषा आडवीच राहते, हे आपलं नशीब. पण ‘र’ची शेपटी जाडावते आणि ‘प्र’मधला खालचा फटकारा बारीक होतो. ८ ते १० अंशांपर्यंत हे खपतं, पुढे नोड (अक्षराच्या कडेवरचे बिंदू) धरून हाताने दुरुस्ती करावी लागते. १२ अंशांना फूटभर उंचीच्या अक्षराचा माथा सुमारे अडीच इंच उजवीकडे सरकतो, म्हणून उजवा समास आधीच जास्त सोडा. नाहीतर शेवटची वेलांटी कापली जाते. तयार तिरपी देवनागरी ‘पॉपिन्स’ फाँटात मिळते, पण तो चिंचोळा नाही.

प्रश्न : पिकअपच्या मागे रेडियममध्ये ‘शेतकऱ्याचा मुलगा’ कापलं, तर शिरोरेषेचे तुकडे पडले. (सावदा)

उत्तर : फाँटात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर जराशी चढलेली असते. कर्व्ह केल्यावरही (म्हणजे अक्षरांचं रेखाकृतीत रूपांतर केल्यावरही) त्या कडा तशाच राहतात आणि कापणाऱ्या मशीनचं ब्लेड प्रत्येक कडेवरून फिरतं. तिरपं करायचं असेल तर ते आधी करा, मग कर्व्ह, मग पूर्ण शब्द निवडून वेल्ड (सगळे आकार जोडून एक). वायरफ्रेममध्ये (नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात) शिरोरेषेला कुठेही आडवा छेद दिसता कामा नये. मध्येच ‘ब्रेक अपार्ट’ (आकार सुटे करणारी आज्ञा) दाबलंत तर वेल्ड करताना ‘म’, ‘क’ यांची पोकळी भरून जाते.

‘ऱ्या’ची खास काळजी घ्या. जाड चिंचोळ्या अक्षरात त्या अर्ध्या ‘र’ची आणि ‘य’ची फट जवळजवळ मिटते. फट २ मिमीच्या आत आली तर जादाचं रेडियम सोलताना तो ‘र’ही सोबत उचलला जातो. अशा ओळीला बोल्डऐवजी सेमीबोल्ड घ्या. आणि बोल्ड फाँटावर पुन्हा ‘बी’चं (अक्षर जाड करायचं) बटण दाबू नका, बहुतेक ऑपरेटर सवयीने दाबतातच.

प्रश्न : कानबाई देवीच्या उत्सवाची पत्रिका याच जाड, तिरप्या अक्षरात चालेल का? (शिरपूर)

उत्तर : नको. हे अक्षर धावतं. स्पर्धा, सेल, ट्रॅक्टर, ठिबकची जाहिरात इथे ते शोभतं. पत्रिकेत फार तर शीर्षकाची एक ओळ, तीही उभी ठेवा. मजकुराला ‘मुक्ता’ फाँट १२ पॉइंटात घ्या.