शोध सैल ठेव, जोडणी घट्ट

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

होलोकॉस्टमध्ये, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात, सापडलेल्यांची नावं शोधता येतील अशा तुझ्या डिजिटल संग्रहाचा आराखडा नीट वाचला. शोधाची खिडकी साधी ठेवली आहेस आणि स्कॅन केलेला मूळ कागद प्रत्येक नोंदीला जोडला आहेस, हे फार चांगलं केलंस. माझी हरकत पहिल्याच तक्त्याला आहे. त्याला तू ‘व्यक्ती’ म्हटलं आहेस आणि एका माणसाची एक ओळ धरली आहेस. त्या ओळीत नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, कैदी क्रमांक आणि मृत्यूची तारीख. होलोकॉस्टच्या कागदांत आपल्याला उल्लेख मिळतात. गाडीत भरलेल्या लोकांच्या यादीत एक, छावणीच्या दवाखान्यातल्या वहीत दुसरा, युद्धानंतर विस्थापितांच्या छावणीत भरलेल्या अर्जात तिसरा. हे तिन्ही एकाच बाईचे आहेत का, हे ठरवणं ही नंतरची पायरी, आणि ती माणसाने चढायची.

बाड आरोल्सनच्या लोकांना हे संगणक येण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. जर्मनीतल्या या लहान गावात युद्धानंतर हरवलेल्यांचा माग काढणारी आंतरराष्ट्रीय शोधसेवा उभी राहिली. २०१९ पासून ती आरोल्सन आर्काइव्ह्ज या नावाने ओळखली जाते. तिथल्या मध्यवर्ती नामसूचीत सुमारे पावणेदोन कोटी माणसांची सुमारे पाच कोटी कार्डं आहेत. माणसं आणि कार्डं यांचे आकडे जुळत नाहीत, कारण कागदावर नाव आलं की त्याचं कार्ड केलं, अशी ती पद्धत होती. त्याच सूचीत त्यांनी चौकशी करणाऱ्यांच्या अर्जांचीही कार्डं लावली. भाऊ एका देशातून विचारतो आहे आणि बहीण दुसऱ्या देशातून, तर दोन्ही कार्डं एकाच खणात शेजारी येण्याची सोय झाली. तुझ्या आराखड्यात शोधणारा येतो, बघतो आणि मागमूस न ठेवता निघून जातो. त्याची परवानगी घेऊन त्याचा शोध जपून ठेव. आज जो कागद आपल्याकडे नाही तो पुढे केव्हातरी स्कॅन होईल, तेव्हा जुने शोध त्याच्याशी ताडून बघता आले पाहिजेत. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारक-संस्थेकडे नातेवाइकांनी भरून दिलेली साक्षपत्रं आहेत. त्यांवर मृताबरोबर पत्र भरणाऱ्याचंही नाव असतं, आणि त्या नावावरून एकमेकांना मेलेलं समजणारी माणसं पुन्हा भेटली आहेत.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या यंत्रणेकडून चुका दोन तऱ्हांच्या होतील. असलेली नोंद दिसली नाही, ही एक. दोन वेगळ्या माणसांना एक ठरवलं, ही दुसरी. पहिली चूक वाईट आहे, पण ती सुधारता येते. कुणीतरी दुसऱ्या स्पेलिंगने शोधेल आणि नोंद वर येईल. दुसरी चूक एखाद्या घराला परक्या माणसाचा मृत्यू देते, आणि तो त्या घराच्या वंशवेलीत कायमचा जाऊन बसतो. म्हणून शोध जितका सैल ठेवता येईल तितका ठेव आणि जोडणी जितकी घट्ट करता येईल तितकी कर. दोन उल्लेख एकाच व्यक्तीचे आहेत असं कुणी ठरवलं, तर कोणी ठरवलं, कधी आणि कशावरून, हे त्या जोडणीवरच लिहिलेलं असू दे. ती केव्हाही सोडवता आली पाहिजे आणि सोडवल्यावर मूळ उल्लेख जसेच्या तसे हाती यायला हवेत. यंत्राने फार तर ‘हेही बघा’ म्हणावं.

शोध सैल ठेवायचा म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. तू साउंडेक्स वापरणार असं लिहिलं आहेस. नावाच्या उच्चारावरून त्याला एक संकेतांक देणारी, १९१८ साली अमेरिकेत पेटंट मिळालेली ही पद्धत इंग्रजी वळणाच्या आडनावांसाठी आहे. मॉस्कोविट्झ हे आडनाव डब्ल्यूने लिही आणि मग व्हीने लिही. साउंडेक्स एकाला एम-२३२ देतं आणि दुसऱ्याला एम-२१३, म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ दोन टोकांना. १९८५ मध्ये गॅरी मोकोटॉफ आणि रँडी डाइच यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू आडनावांसाठी वेगळी पद्धत बांधली. तिच्यात ही दोन्ही रूपं ६४५७४० या एकाच आकड्यावर येतात. तिचं आणखी एक शहाणपण मला फार आवडतं. एखाद्या अक्षरगटाचे दोन उच्चार संभवत असतील, तर ती दोन्ही आकडे देते, उगाच एकाची निवड करत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १६व्या आवृत्तीपासून ती आयती मिळते, इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेच्या ध्वनी-प्लगइनमध्येही आहे. तिच्या जोडीला बायडर-मोर्स पद्धत घे. नाव कोणत्या भाषेतलं असावं याचा अंदाज बांधून ती उच्चार ताडते. त्यातले स्टीफन मोर्स म्हणजे इंटेलच्या ८०८६ चिपची रचना करणारेच. तू ज्या संगणकावर हे पत्र वाचत असशील, त्याच्या पूर्वजाचा आराखडा त्यांचा आहे.

पण उच्चाराची पद्धत सगळीकडे पुरत नाही. गोव्यातल्या पोर्तुगीज दप्तरात कामतचा कामोतिम होतो, तिथे निदान कान साथ देतो. इथे तोही साथ सोडतो. रशियन लिपीत ‘ह’साठी वेगळं अक्षर नाही, म्हणून हुर्विट्झचा गुर्विच होतो आणि होफमनचा गोफमन. पहिल्या नावांची गुंतागुंत तर आणखी खोल आहे. हिब्रूतला झ्वी यिद्दिशमध्ये हिर्श आणि जर्मन शाळेच्या पटावर हरमान. आर्ये म्हणजेच लाइब आणि म्हणजेच लिऑन. आई हाक मारायची ते नाव, सिनेगॉगमधलं नाव आणि सरकारी नाव, अशी तीन नावं एका माणसाला असत आणि नात ज्या नावाने शोधते ते बहुतेक वेळा आईच्या हाकेचं असतं. यासाठी समनावांचा तक्ताच हवा. तो एकटीने बनवू नकोस. यिद्दिश आणि पोलिश नीट जाणणारं माणूस शोध आणि त्याच्याशेजारी बसून तो तयार कर.

मधल्या नावाच्या रकान्याकडेही लक्ष दे. १ जानेवारी १९३९ पासून जर्मनीतल्या ज्यूंना, त्यांचं नाव सरकारने ठरवलेल्या ज्यू नावांच्या यादीतलं नसेल, तर पुरुषांनी ‘इस्राएल’ आणि बायकांनी ‘सारा’ हे नाव जोडून लावायची सक्ती झाली. त्यामुळे जर्मन कागदांत हजारो बायकांच्या नावात सारा दिसते. त्या साराला तू शोधात नेहमीच्या नावाइतकं वजन दिलंस, तर एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या बायका सारख्या ठरतील. कागदावर आहे म्हणून ते ठेवायचंच, पण लादलेलं नाव अशी खूण करून ठेवायचं. बायकांच्या बाबतीत माहेरचं आडनाव हा स्वतंत्र रकाना कर. मुलांची आडनावंही सरळ धरू नकोस. गॅलिशियात, म्हणजे आजच्या पोलंड-युक्रेनमधल्या जुन्या ऑस्ट्रियन प्रांतात, पुष्कळ जोडप्यांचं लग्न धर्माप्रमाणे लागलेलं असे, सरकारदरबारी नोंदलेलं नसे, आणि मुलं आईच्या आडनावाने नोंदली जात. एका घरातल्या दोन भावंडांची आडनावं वेगळी दिसली म्हणून तुझ्या यंत्राने त्यांना परकं ठरवू नये.

गावांचं थोडक्यात सांगतो. एकच शहर जर्मन कागदात लेम्बर्ग, पोलिश कागदात ल्वुफ, रशियनमध्ये ल्वोव आणि आज युक्रेनमध्ये ल्विव आहे. कागदावर जे नाव आहे ते जसंच्या तसं एका रकान्यात आणि नकाशावरची जागा दुसऱ्या रकान्यात ठेव. देश हा रकाना वर्षासकट असू दे, नुसता देश लिहिण्यात अर्थ नाही.

‘शेवटचं ज्ञात ठिकाण’ या यादीत तू फक्त युरोपातले देश घेतले आहेस, ते मात्र लगेच बदल. पळून गेलेली माणसं शांघायला गेली, आपल्या मुंबईलाही आली. आकाशवाणीची ओळखधून रचणारे वॉल्टर काउफमन कार्ल्सबादचे, आजच्या कार्लोवी वारीचे. ते १९३४ मध्ये मुंबईत आले. त्याच वर्षी मुंबईत निर्वासितांना हात देण्यासाठी ज्यूइश रिलीफ असोसिएशन सुरू झाली. पुढे युद्ध पेटल्यावर नाझींपासून पळून आलेल्यांपैकी काहींना जर्मन किंवा ऑस्ट्रियन नागरिक म्हणून ब्रिटिशांनीच स्थानबद्ध केलं, आणि आपल्या पुरंदर किल्ल्यावरही अशी छावणी होती. युरोपातल्या यादीत ज्याचा धागा तुटतो, तो असा पुरंदरच्या कागदात निघू शकतो. तुझ्या तक्त्यात त्याला जागा हवी.

तारखांवर विश्वास ठेवायचा तो बेताने. छावणीत उतरताना मुलांनी वय वाढवून सांगितलं, कारण कामाला लायक दिसणं म्हणजे जगणं. १९४५ मध्ये ब्रिटनने १६ वर्षांखालच्या १००० अनाथ मुलांना प्रवेश द्यायचं कबूल केलं, तेव्हा त्यातल्या अनेकांनी वय कमी सांगितलं. अट बसवून पाठवता येतील अशी ७३२ मुलंच शेवटी मिळाली, कारण लहान मुलं फारशी उरलीच नव्हती. तेव्हा जन्मवर्षात चार-पाच वर्षांचा फरक असला तरी नोंद वगळू नकोस. मृत्यूच्या तारखेचं दुखणं निराळं. ज्यांचा पत्ताच लागला नाही त्यांना मृत जाहीर करताना जर्मन न्यायालयांनी पुष्कळदा ८ मे १९४५ ही तारीख धरली. ती कायद्याची तारीख आहे. त्या माणसाचा जीव बहुधा त्याआधी दोन-तीन वर्षं गेलेला असतो. ऑशविट्झच्या मृत्युनोंदवह्यांत मृत्यूची कारणं लिहिली आहेत, हृदयविकार, न्यूमोनिया वगैरे, आणि ती धादांत खोटी असत. म्हणून ‘कागद काय म्हणतो’ आणि ‘आपल्याला काय माहीत आहे’ हे दोन वेगळे रकाने असू देत आणि वाचणाऱ्यालाही ते वेगळे दिसू देत.

आता कैदी क्रमांक. तो तू ‘प्रायमरी की’, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, म्हणून वापरला आहेस. बुखेनवाल्डमध्ये मेलेल्या कैद्याचा क्रमांक नव्या कैद्याला दिला जाई. ऑशविट्झमध्ये पुरुषांची मालिका वेगळी, बायकांची वेगळी आणि १९४४ पासून ए आणि बी अक्षरांच्या मालिका आणखी वेगळ्या. एका छावणीतून दुसरीत हलवलं की क्रमांक नवा. तेव्हा ओळख म्हणून तो तांत्रिकदृष्ट्याही टिकत नाही. आणि टिकला असता तरी मी तुला तो वापरू दिला नसता. नाव काढून घेऊन त्या लोकांना जो आकडा दिला, त्या आकड्याखाली आपण त्यांना पुन्हा लावायचं नाही. क्रमांकावरून शोधायची सोय मात्र नक्की ठेव, कारण एखाद्या घरात आजोबांच्या हातावरच्या त्या आकड्यापलीकडे काहीच उरलेलं नसतं.

सगळ्यात जास्त वेळ तू ज्या पानाला द्यावास असं मला वाटतं, त्याला आराखड्यात दोनच शब्द मिळाले आहेत, ‘निकाल नाही’. तुझ्या संग्रहातलं सर्वाधिक वाचलं जाणारं पान ते असेल. ऑशविट्झला सुमारे १३ लाख माणसं आणली गेली आणि त्यातल्या सुमारे ४ लाखांचीच कैदी म्हणून नोंद झाली. गाडीतून उतरवून थेट वायुकोठडीकडे नेलेल्यांचं नाव कुणी लिहिलं नाही. १९४२ मध्ये जुलै ते सप्टेंबरात वॉर्साच्या घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, अडीच लाखांवर माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली, त्यांच्या नावांच्या याद्या नाहीत. कीव्हजवळच्या बाबी यारच्या दरीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. मारणाऱ्यांनी आकडा एककापर्यंत मोजून कळवला, नावं घेतली नाहीत. अशा घरातलं कुणी तुझ्या खिडकीत नाव लिहील आणि तू त्याला ‘निकाल नाही’ म्हणणार? नोंद नाही म्हणजे तसं काही घडलंच नाही, असं म्हणणारी माणसं आजही आहेत. त्यांना आपल्या पानावरचं वाक्य पुरावा म्हणून मिळता कामा नये.

त्या पानावर लिही की आमच्याकडे अमुक ठिकाणांचे, अमुक वर्षांचे कागद आहेत आणि त्यांत हे नाव अजून मिळालेलं नाही. त्या गावातल्या लोकांचं काय झालं, हे ठाऊक असेल तर दोन ओळींत सांग. कोणत्या रूपांनी शोधून पाहिलं ते दाखव. याद वाशेम, आरोल्सन आणि वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय यांच्याकडे जायची वाट दाखव, आणि खाली जिथे खरोखर माणूस उत्तर देतो असा पत्ता दे. याद वाशेमचा नावांचा डेटाबेस २००४ मध्ये लोकांसाठी खुला झाला तेव्हा त्यात सुमारे ३० लाख नावं होती. ती वाढतच गेली, म्हणून ‘अजून’ हा शब्द खोटा दिलासा ठरत नाही.

नोंद सापडते तेव्हाचाही विचार कर. आज शोधणारी बहुतेक नातवंडं-पतवंडं आहेत, मोबाइलवर, बसमध्ये किंवा रात्री एकटी बसलेली. मृत्यूचा दाखला पहिल्याच निकालात मोठा करून समोर आणू नकोस. हा कागद कशाचा आहे ते आधी शब्दांत सांग, मग उघडायचा की नाही ते त्यांना ठरवू दे. ‘५ निकाल सापडले!’ मधलं उद्गारचिन्ह काढून टाक.

समलैंगिक म्हणून छावणीत टाकलेल्यांच्या नोंदी उघड ठेवाव्यात का, असं तू विचारलं होतंस. समलैंगिक पुरुषांना शिक्षा देणारं, नाझींनी कडक केलेलं कलम १७५ पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत जसंच्या तसं चालू होतं. म्हणजे सुटून आलेल्यांनाही तोंड उघडायची सोय नव्हती आणि कित्येक घरांना आजही हे माहीत नसेल. तरी त्या नोंदी लपवाव्यात असं मला वाटत नाही. लपवल्या तर त्या माणसांचा छळ दुसऱ्यांदा पुसला जातो. नाव शोधात येऊ दे, अटकेचं कारण मात्र निकालांच्या यादीत झळकू नये, कागद उघडल्यावर संदर्भासह वाचता यावं. युद्धानंतरच्या अर्जांत हयात असू शकतील अशा नातेवाइकांचे पत्ते असतात, ते झाकलेले बरे. कैद्यांवर केलेल्या वैद्यकीय प्रयोगांच्या कागदांबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. त्यावर तुमच्या गटातल्या इतिहासकारांशी बोल.

स्वयंसेवकांकडून नावं टाइप करून घेणार असशील, तर एकच कागद एकाहून अधिक जणांना दे आणि फरक पडेल तिथे तिसऱ्याला दाखव. आरोल्सनने २०२० पासून असंच मोठं काम लोकांकडून करून घेतलं आहे. कार्डावर नाव चुकलेलं दिसलं तरी दुरुस्त करू नका, असं त्यांना पहिल्याच दिवशी सांग. दुरुस्ती शेजारच्या रकान्यात.

पहिली चाचणी लेम्बर्गच्या कागदांवर घे. तिथे चार भाषा आणि दोन लिप्या एकत्र येतात, त्यामुळे काय मोडतं ते लगेच कळेल. उल्लेखांचा नवा तक्ता आणि ‘अजून मिळालेलं नाही’ या पानाचा मजकूर आधी पाठव, बाकीचं मागाहून आलं तरी चालेल.

कळावे,
तुझा काका