काळ्या बॉनेटमध्ये काळा रंग किती?

आधी एक सांगतो, रंगीत पेन्सिलींचा महागडा सेट घ्यायला धावू नका. तुम्ही लिहिलंय की चित्रात मुंबईच्या जुन्या पद्मिनी टॅक्सीचं बॉनेट काळ्या पेन्सिलीने दाबून दाबून भरलं, तरी चकाकी येत नाही, गाडी खेळण्यातली वाटते. ते दाबून भरणंच नडतंय. चकचकीत काळा पत्रा स्वतःचा रंग फार थोडा दाखवतो, समोर असेल ते दाखवतो. मरीन ड्राइव्हवर दुपारी उभी असलेली कुठलीही काळी-पिवळी बघा. आभाळाकडे तोंड केलेला पत्रा निळसर राखाडी, जवळजवळ फिकाच असतो. खरा काळा बंपरखाली, चाकाच्या कमानीत आणि झाडा-इमारतींचं प्रतिबिंब पडतं तिथे.

दारावर वरच्या भागात आभाळ येतं, खाली रस्ता, मधे गडद पट्टा. त्या पट्ट्याची कड धारदार ठेवा. चकाकी दिसते ती या कडेमुळे. कड पुसट झाली की पत्रा मॅट दिसलाच म्हणून समजा. क्रोमच्या बंपरवर हेच, फक्त आणखी भडक.

गडद भागात आधी इंडिगो (गडद निळा) आणि गडद तपकिरीचे हलके थर द्या, काळी सगळ्यात शेवटी. सर्वांत उजळ ठिपक्यांसाठी कागद कोरा सोडा. एरियलसारखी बारीक रेघ हवी तर रंगवण्याआधीच रिकाम्या बॉलपेनने कागदावर खोलगट ओढून ठेवा. पिवळं टप आधी करा. त्याच्या सावलीत काळा घातलात तर हिरवट मळकट होईल. गेरू आणि तपकिरी घ्या.

आता समोर ठेवून काढायला फोटो कुठला घ्यायचा, हा प्रश्न. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची, टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, म्हणजे २०२३नंतर रस्त्यावर समोर उभी मिळणार नाही. (मला अजून चुकल्यासारखं वाटतं, ते असो.) नेटवरच्या धूसर फोटोंवरून आकार घ्या, प्रतिबिंबं आजच्या टॅक्सीवरून शिका. पण जशीच्या तशी उचलू नका, पद्मिनीचा पत्रा जास्त गोलसर, त्यावर ती वाकतात. फोटो काढताना मागे सरकून झूम करा. जवळून मोबाइलने काढला की गाडीचं नाक फुगतं.

मेणाच्या पेन्सिली असतील तर काही दिवसांनी काळ्यावर पांढुरकी झाक येईल. मऊ कापडाने हलकेच पुसा आणि मग फिक्सेटिव्हचा (रंग कागदावर पक्का धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) पातळ फवारा मारा.