पेन्शन रुपयांत, खर्च डॉलरमध्ये : वाचकांचे प्रश्न

डिसेंबर २०२५मध्ये डॉलरनं नव्वदी ओलांडली, तेव्हापासून एकाच काळजीची पत्रं येत आहेत. निवृत्तीनंतर मुलांकडे परदेशी गेलेल्या आणि तिथून मुंबईला परतायच्या बेतात असलेल्या वाचकांची ही पत्रं इथे थोडक्यात दिली आहेत. उदाहरणांतले दर हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. तुमचा व्यवहार त्या दिवशीच्या दरानं होईल.

प्रश्न : मी राज्य सरकारी सेवेतून निवृत्त झालो. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) घेऊन कॅनडात मुलीकडे ब्रॅम्प्टनला आलो. पेन्शन महिना ६० हजार, बोरिवलीच्या फ्लॅटचं भाडं २८ हजार आणि बँकेत ४० लाखांच्या ठेवी आहेत. रुपया घसरतच चालला आहे. सगळ्या ठेवी मोडून पैसे आत्ताच इकडे आणावेत का?

उत्तर : सगळ्या मोडू नका. पण सगळं रुपयांत ठेवून दर सुधारायची वाट बघणंही तुमच्या वयात परवडणारं नाही.

आधी कोणता दर बघायचा ते ठरवू. टीव्हीवर दिसतो तो अमेरिकी डॉलर, तुमचा खर्च कॅनडाच्या डॉलरमध्ये. समजा अमेरिकी डॉलर ९० रुपयांना आणि १.४० कॅनडा डॉलरला आहे, तर कॅनडाचा डॉलर ६४.२९ रुपयांना पडतो. उद्या अमेरिकी डॉलर ९२ वर गेला आणि त्याच वेळी १.४४ कॅनडा डॉलरला मिळू लागला, तर कॅनडाचा डॉलर होतो ६३.८९. बातमीत रुपया पडला, तुम्हाला मात्र चार पैसे जास्तच मिळाले. त्यामुळे ‘रुपया नीचांकी’ असा मथळा वाचून त्याच दिवशी बँकेला मेल करायची गरज नाही.

तुमची खरी अडचण एका दिवसाच्या दराची नाही. पेन्शनवरचा महागाई भत्ता ठरतो तो भारतातल्या औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकावर. केंद्र जानेवारी आणि जुलैपासून तो वाढवतं, राज्य त्यामागोमाग. तो भत्ता बोरिवलीतल्या भाजीची महागाई भरून काढायला आहे. ब्रॅम्प्टनमधल्या दुधाचा भाव किंवा रुपयाची घसरण त्यात कुठेच मोजली जात नाही. अमेरिकी डॉलर जुलै २०२२मध्ये ८० वर होता, साडेतीन वर्षांच्या आत ९० झाला. ६० हजारांचे ७५० डॉलर मिळायचे ते ६६७ वर आले, म्हणजे ११ टक्के कमी. वाढलेला भत्ता आधी हे भगदाड बुजवतो. उरलं तर तिथल्या महागाईला. कॅनडाची वृद्ध पेन्शन, ज्याला तिकडे ओएएस म्हणतात, ती तिथे दहा वर्षं राहिल्याशिवाय सुरू होत नाही. तोवर तुमची सारी भिस्त रुपयांवरच आहे.

मग घाईनं सगळं का आणू नये? कारण रुपया हळूहळू घसरतो आणि मधूनच धाडकन आपटतो. २०१३च्या मे महिन्याच्या सुरुवातीला डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता, २८ ऑगस्टला तो ६८च्या पुढे गेला आणि ऑक्टोबरमध्ये परत ६१-६२ वर उतरला. त्या ऑगस्टमध्ये घाबरून ज्यांनी आयुष्याची पुंजी पाठवली, त्यांनी सर्वांत महाग डॉलर घेतले.

म्हणून आमचा सल्ला असा. कॅनडात तुमच्या वाट्याला येणारा महिन्याचा खर्च मांडा : वाणसामान, दात, चष्मा, प्रवास. समजा तो १,२०० डॉलर आहे. दीड वर्षाचे झाले २१,६००, म्हणजे साधारण १४ लाख रुपये. एवढी रक्कम सहा-आठ महिन्यांत तीन-चार हप्त्यांनी तिकडे न्या आणि तिथल्या बचत खात्यात किंवा जीआयसीमध्ये, म्हणजे तिथल्या मुदत ठेवीत ठेवा. हा साठा हाताशी असला की रुपया आपटेल त्या महिन्यात पैसे मागवायची सक्ती उरत नाही. दर सावरला की साठा परत भरायचा. बोरिवलीच्या फ्लॅटचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि इथले विम्याचे हप्ते भाड्यातून भागवा. ज्या रुपयाचा खर्च रुपयांतच आहे, त्याला दराचं भय नाही.

हप्ते तीन-चारच का, बारा का नाहीत? एनआरओ खात्यातून, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयांतल्या खात्यातून, मुद्दल बाहेर नेताना आयकराचं ऑनलाइन घोषणापत्र लागतं आणि बऱ्याच बँका सीएचं प्रमाणपत्रही मागतात. या जोडीला आजवर सगळे १५सीए-१५सीबी म्हणत आले आहेत. सीएची फी दर वेळी पडते. रकमेची काळजी नको. एनआरओतून एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत नेता येतात आणि पेन्शन, भाडं, व्याज यांसारखं चालू उत्पन्न त्या मर्यादेत धरलंही जात नाही.

पेन्शन दर महिन्याला न पाठवता तीन महिन्यांची एकदम पाठवा. ६० हजारांवर चलन बदलण्याचा जीएसटी १०८ रुपये पडतो आणि १ लाख ८० हजारांवर २५२, त्यामुळे तिथे फार फरक नाही. फरक पडतो बँकेच्या ठरावीक आकारात आणि मधली बँक वाटेत कापून घेते त्या पंधरा-वीस डॉलरमध्ये. ते तीनदा जाण्याऐवजी एकदाच जातात. पाठवताना खर्च ‘अवर’ (सगळा आकार पाठवणाऱ्याकडे) निवडलात तर मधल्या बँकेचा आकार बहुधा इथेच वसूल होतो आणि तिकडे पूर्ण रक्कम पोचते.

सर्वांत मोठी कात्री मात्र पावतीवर दिसतच नाही. बाजारात ६४.२९ असलेला डॉलर बँक तुम्हाला ६५.६० ला विकते. पाच लाखांचे ७,७७७ डॉलर व्हायला हवेत, मिळतात ७,६२२. गेले १५५ डॉलर, म्हणजे जवळजवळ दहा हजार रुपये. तेवढ्याच रकमेवर जीएसटी असतो फक्त ५४० रुपये. ‘आमचं शुल्क शून्य’ असं बँक सांगते तेव्हा बहुधा सगळी कमाई या फरकातच असते. व्यवहाराच्या दिवशी, बाजार चालू असताना, बँकेचा ‘टीटी सेलिंग’ दर, म्हणजे खात्यातून परदेशी पैसे पाठवण्याचा दर, लेखी मागा. कार्ड दर (बँकेच्या रोजच्या तक्त्यावरचा) किंवा नोटांचा दर नको. तो त्या क्षणीच्या बाजारभावाशी ताडून बघा. पाच लाखांच्या वर रक्कम असेल तर शाखेच्या फॉरेक्स डेस्ककडे घासाघीस करा, ती चालते. अर्जात चलनाच्या रकान्यात कॅनडाचा डॉलर लिहिला आहे ना, तेही पाहा. तिथे सवयीनं अमेरिकी डॉलर पडला, तर रुपयाचा अमेरिकी डॉलर इथे होतो आणि त्याचा कॅनडाचा डॉलर तिकडची बँक करते. कात्री दोनदा लागते.

उरलेल्या २६ लाखांपैकी काही कॅनडाच्या डॉलरमध्ये बांधून ठेवायचे असतील, तर ते एनआरओतून एनआरईत (पैसे मोकळेपणानं बाहेर नेता येणारं खातं) आणि तिथून एफसीएनआर ठेवीत वळवता येतात. ही ठेव एक ते पाच वर्षांची असते आणि मुद्दल-व्याज दोन्ही परकी चलनात मिळतात. वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. भारतात या व्याजावर कर नाही, पण कॅनडा तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर कर घेतो, त्यामुळे ते तिथे दाखवावंच लागेल. भाड्यानं दिलेला बोरिवलीचा फ्लॅट आणि भारतातल्या ठेवी मिळून एक लाख कॅनडा डॉलरच्या वर जातात, तेव्हा परदेशातली मालमत्ता कळवणारा टी-११३५ हा फॉर्मही भरावा लागतो. फ्लॅटची किंमत तुम्ही कॅनडाचे रहिवासी झालात त्या दिवशीच्या बाजारभावानं धरतात. मुंबईत ती मर्यादा एकट्या फ्लॅटनंच ओलांडली असेल. दंड जबर आहे, हे काम पुढे ढकलू नका.

प्रश्न : आई-वडील तीन वर्षांपूर्वी कायमचे आमच्याकडे मेलबर्नला आले. वडिलांचं मुलुंडचं बचत खातं होतं तसंच आहे, बँकेला काही कळवलेलं नाही. त्यांच्या डेबिट कार्डानं इथल्या एटीएममधून पैसे काढतो. दर महिन्याला कमी मिळाल्यासारखे वाटतात.

उत्तर : वाटतात असं नाही, कमीच मिळतात. भारतीय डेबिट कार्ड परदेशात वापरलं की बँक दरावर साधारण दोन ते साडेतीन टक्के चढवते, वर जीएसटी, वर दर वेळेचा एटीएम आकार. तिथल्या यंत्रावर ‘रुपयांत वजा करू का?’ असा प्रश्न आला आणि घाईत ‘हो’ दाबलं, तर दर त्या यंत्रवाल्याचा लागतो आणि तो हमखास वाईट असतो. नेहमी ऑस्ट्रेलियन डॉलरच निवडा.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे खातं. कायमचं परदेशी गेल्यावर निवासी खातं एनआरओ करून घेणं परकी चलनाच्या फेमा कायद्यानं बंधनकारक आहे. त्यात काही सवलती जातात, हे मान्य. ज्येष्ठांचा जादा अर्धा टक्का व्याज सहसा मिळत नाही, कर कापू नका असं सांगणारं घोषणापत्र (आजवरचा फॉर्म १५एच) भरता येत नाही आणि व्याजावर थेट ३१.२ टक्के टीडीएस कापला जातो. तो कमी करण्याचा रस्ता मात्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याकडून रहिवासाचा दाखला घ्या, भारताच्या आयकर पोर्टलवर त्यासाठीचा फॉर्म (आजवरचं नाव १०एफ) भरा आणि दोन्ही बँकेत द्या. दुहेरी करटाळणी करारानुसार व्याजावरचा कर १५ टक्क्यांवर येतो. दाखला दर वर्षी नवा लागतो, आणि बँकेचं व्याज जमा होण्याआधी तो पोचला पाहिजे. उशीर झाला की कापलेला कर विवरणपत्र भरूनच परत मिळवावा लागतो.

एनआरओचं डेबिट कार्ड बहुतेक बँकांत भारताबाहेर चालत नाही, म्हणून पैसे वायरनं वडिलांच्या तिथल्या खात्यात न्या. आणि वडिलांना पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला चुकवू नका. तो वकिलातीतून करता येतो किंवा जीवन प्रमाणच्या ॲपवर आधार आणि चेहरा जुळवून. दाखल्याविना पेन्शन थांबली की थकबाकी नंतर एकरकमी येते, पण मधल्या महिन्यांचा खर्च मुलांच्या डॉलरमधून होतो.

प्रश्न : आम्ही दुबईत निवृत्तीचा व्हिसा घेऊन राहतो. दिरहॅमचा दर कसा बघायचा?

उत्तर : वेगळा बघायची गरज नाही. दिरहॅम १९९७पासून एका अमेरिकी डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे. डॉलर ९० तर दिरहॅम साडेचोवीस. सौदी रियाल, ओमानी रियाल आणि बहरीनी दिनारही असेच डॉलरला बांधलेले आहेत. अमेरिकी डॉलरमधली एफसीएनआर ठेव तुमच्यासाठी जवळजवळ दिरहॅमसारखीच.

प्रश्न : भाऊ तीस वर्षं इंग्लंडमध्ये नोकरी करून विलेपार्ल्याला परततो आहे. पौंड महाग आहे, म्हणजे त्याची पेन्शन इथे भरपूर पुरेल ना?

उत्तर : सुरुवातीला पुरेल. पण एक गोष्ट त्यानं निघण्यापूर्वी समजून घ्यायलाच हवी. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्यांना गोठलेली मिळते. ब्रिटनमध्ये ती दर एप्रिलला वाढते, युरोपात आणि अमेरिकेत राहणाऱ्यांचीही वाढते, भारतात राहणाऱ्यांची नाही. २०२५-२६मध्ये पूर्ण नवी पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती. त्या दरानं घेत कुणी भारतात आला, तर दहा वर्षांनीही आकडा तोच राहतो. रुपया घसरत असल्यामुळे रुपयांतली रक्कम थोडी थोडी वाढताना दिसते आणि गोठल्याचं लक्षातच येत नाही. पण पार्ल्यातली महागाई रुपयाच्या घसरणीपेक्षा जोरात धावली, तर दर वर्षी खरेदीची ताकद कमी होत जाते. आणि ज्या वर्षी पौंड पडेल, त्या वर्षी भरपाईला वाढही नसेल. कंपनीची पेन्शन असेल तर ती त्या योजनेच्या नियमांप्रमाणे वाढत राहते. त्याचं नियोजन या दुसऱ्या पेन्शनवर आणि बचतीवर बेतलेलं असू द्या.

भारतात राहायला आल्यावर सरकारी पेन्शन चार किंवा तेरा आठवड्यांनी मिळते. चार आठवड्यांची निवडली तर दर आपोआप वर्षभरात विभागला जातो, आम्ही तीच सुचवू. ब्रिटनमधलं खातं लगेच बंद करू नये. परदेशात राहत असताना मिळवलेली मालमत्ता आणि तिचं उत्पन्न परतल्यावरही तिथे ठेवायला फेमात मुभा आहे. इथे आरएफसी, म्हणजे परतलेल्यांसाठीचं परकी चलनातलं खातं उघडलं तर पौंड पौंडातच ठेवता येतात आणि पाहिजे तेव्हा परत नेता येतात. कर भरताना कंपनीच्या पेन्शनचे रुपये कसे करायचे हा घोळ पुष्कळांचा होतो. ती देय झाली त्याच्या आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीचा स्टेट बँकेचा ‘टीटी बायिंग’ दर धरायचा. तुमच्या बँकेनं प्रत्यक्ष दिलेला दर नव्हे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत मुलाकडे असतो, ग्रीन कार्ड आहे. गोरेगावचा फ्लॅट २०१०मध्ये ६० लाखांना घेतला, आता १ कोटी ८० लाख येतील. विक्रीसाठी चांगल्या दराची वाट बघावी का?

उत्तर : दरापेक्षा टीडीएसकडे आधी बघा. मालक अनिवासी असेल तर खरेदीदाराला कर कापावा लागतो, आणि हातात प्रमाणपत्र नसेल तर तो सावधगिरी म्हणून पूर्ण किमतीवर कापतो. साडेबारा टक्के, त्यावर अधिभार आणि उपकर धरून १४.९५ टक्के, म्हणजे २६ लाख ९१ हजार. तुमचा नफा १ कोटी २० लाख, त्यावरचा खरा कर १७ लाख ९४ हजार. जवळजवळ नऊ लाख रुपये परतावा येईपर्यंत अडकतात, तेही रुपयांत. त्यामुळे करारनामा करण्याआधीच कमी दरानं कपात करण्याच्या प्रमाणपत्रासाठी आयकर खात्याकडे ऑनलाइन अर्ज करा. खरेदीदार घाई करतो म्हणून हे टाळू नका.

विक्रीची तारीख नक्की असेल तर बँक फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच बांधून देते. तो आजच्या दरापेक्षा बहुधा महाग दिसेल. ते भाकीत नसतं, दोन देशांतल्या व्याजदरांचा फरक असतो. मुंबईत यात अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. खरेदीदाराचं गृहकर्ज उशिरा सुटतं, सोसायटीची एनओसी रखडते आणि फॉरवर्डची तारीख येऊन ठेपते. मग तो रद्द करायचा किंवा पुढे ढकलायचा, दरातला फरक आपल्या खिशातून. पैसे एनआरओत जमा झाल्याशिवाय फॉरवर्ड घेऊ नका, आणि जमा झाल्यावर त्याची गरज फारशी राहत नाही. तीन-चार हप्त्यांत पाठवा.

अमेरिकेतला हिशेब निराळा आहे आणि इथे रुपयाची घसरण तुमच्या बाजूनं आहे. तिथे खरेदी त्या दिवशीच्या दरानं आणि विक्री विक्रीच्या दिवशीच्या दरानं डॉलरमध्ये मांडतात. २०१०चा दर ४५ धरला तर खरेदी १,३३,३३३ डॉलरची, आणि आजचा ९० धरला तर विक्री दोन लाखांची. तिथला नफा ६६,६६७ डॉलर, भारताच्या हिशेबाच्या बरोबर निम्मा. भारतात भरलेल्या कराची वजावट तिथे मागता येते, त्यामुळे या विक्रीवर तिथे केंद्र सरकारचा वेगळा कर बहुधा उरणार नाही. न्यू जर्सी राज्याच्या करातून मात्र ही वजावट मिळत नाही. त्यासाठी २०१०चा करारनामा, मुद्रांक शुल्काची पावती आणि प्रत्येक हप्त्याच्या तारखेचा डॉलरचा दर आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेवा. बिल्डरला पैसे टप्प्याटप्प्यानं दिले असतील, तर प्रत्येक टप्प्याला त्या त्या दिवशीचा दर लागतो.