अमेरिकेतल्या अंडरग्राउंड साप्ताहिकांत कॉमिक स्ट्रिप कशा रुजल्या? मराठीत तसं का झालं नाही?

अंडरग्राउंड साप्ताहिकं म्हणजे साठच्या दशकातल्या बंडखोर पोरांनी स्वतःच काढलेली वर्तमानपत्रं. त्यांतल्या ‘फ्रीक ब्रदर्स’पासूनच सुरू करतो. गिल्बर्ट शेल्टनची ही स्ट्रिप 1968 साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात ‘द रॅग’ या साप्ताहिकात आली. तीन केसाळ मित्र, गांजाची सोय आणि मागे पोलीस, एवढाच मामला. पण ती ऑस्टिनपुरती राहिली नाही, आणि याचं अर्धं श्रेय मी छपाईला देतो.

मी नागपुरात, महालातल्या एका छापखान्यात काम करतो. जुन्या ट्रेडलवर, म्हणजे खिळे जुळवून छापायच्या यंत्रावर, चित्र छापायचं तर आधी ब्लॉकमेकरकडून जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागे, आणि चित्र जेवढं मोठं तेवढे पैसे जास्त. ऑफसेटला ती कटकट नाही. मजकूर आणि चित्र एकाच कागदावर चिकटवा, फोटो घ्या, प्लेट करा. पानभर अक्षरं असोत की पानभर चित्र, प्लेटचा खर्च तोच. अमेरिकेत साठच्या दशकात ही छपाई स्वस्त झाली आणि कफल्लक पोरंसुद्धा अख्खं पान चित्रकाराच्या हवाली करू लागली.

त्यात भर पडली अंडरग्राउंड प्रेस सिंडिकेट या अशा वर्तमानपत्रांच्या संघाची. त्यातली वर्तमानपत्रं एकमेकांचा मजकूर फुकट छापू शकत, त्यामुळे एका गावातली स्ट्रिप दुसऱ्या गावात सहज निघे. 1969 मध्ये शेल्टन आणि त्याच्या तीन टेक्सासवाल्या मित्रांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘रिप ऑफ प्रेस’ ही प्रकाशनसंस्था काढली. पुढे तिथून वर्तमानपत्रांना स्ट्रिप जाऊ लागल्या.

या सगळ्यात माझा जीव जडलाय तो फ्रीक ब्रदर्सपैकी फॅट फ्रेडीच्या मांजरावर. मोठ्या स्ट्रिपला जोडून त्याची वेगळी छोटी पट्टी असायची. ही रीत जुनी, ‘क्रेझी कॅट’ही 1910 मध्ये दुसऱ्याच स्ट्रिपच्या पायाशी जन्मली. मालकांपेक्षा त्या बोक्याला जास्त अक्कल आहे, आणि ती तो चार चौकटींत दाखवतो. तुम्ही वाचायला सुरुवात करणार असाल तर त्याच्यापासून करा.

सत्तरच्या दशकात व्हिएतनाम युद्ध संपत आलं तशी ती वर्तमानपत्रं बंद पडत गेली. जागा घेतली शहरी साप्ताहिकांनी. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये व्यंगचित्रकार ज्यूल्स फायफर 1956 पासून होतेच. 1980 मध्ये ‘लॉस एंजेलिस रीडर’मध्ये मॅट ग्रोनिंगची ‘लाइफ इन हेल’ ही स्ट्रिप सुरू झाली. टीव्हीवाल्यांनी बोलावलं तेव्हा तिचे हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून त्याने नवंच कुटुंब रचलं. तेच टीव्हीवरच्या कार्टून मालिकेतले ‘सिम्पसन्स’.

आता मराठीचं. ‘मार्मिक’ 1960 चं, पण ते उघड विकलं जाणारं व्यंगचित्र साप्ताहिक होतं. त्या काळातलं खरं भूमिगत वळण लघुनियतकालिकांचं, म्हणजे लेखक-कवींनी स्वतःच काढलेल्या छोट्या अंकांचं, अशोक शहाण्यांच्या ‘असो’सारख्यांचं. त्यांतली बरीचशी सायक्लोस्टाइलवर, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलमधून शाई उतरवून प्रती काढणाऱ्या यंत्रावर निघत. तिथे स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने ओरखडून चित्र काढावं लागतं, आणि काळा भाग भरायला गेलं की मेणाचा कागद फाटतो. त्यावर कविता झकास निघायच्या. आठवड्याला पानभर कॉमिक काढणं फार जड गेलं असतं.